बुवांच्या हातचं विरजण

सहा वर्षांपूर्वीची खीर उज्ज्वलाच्या हातात होती, आणि ती दगडासारखी गार होती.

बाटली करंगळीएवढी. उणे ऐंशी अंशांच्या पेटीतून बाहेर आल्याबरोबर तिच्यावर धुकं धरलं. उज्ज्वलानं ते अंगठ्यानं पुसलं, तेव्हा क्षणभर चिठ्ठी दिसली आणि पुन्हा झाकली गेली. तशी ती वाचायची गरजही नव्हती. आरगळे, माघी सप्ताह, महाप्रसाद, खपली गव्हाची खीर. तिच्या जिभेवर गुळाची आणि वेलदोड्याची चव आली.

विषबाधेचा नमुना सहा वर्षं सांभाळायचा आणि मग भट्टीत घालायचा, असा नियम होता. यंदा वरून नवा हुकूम आला होता. जाळण्याआधी प्रत्येक नमुना एकदा ‘पारखी’खाली धरा, जुन्या चौकशीत काही राहून गेलं असेल तर लिहून कळवा. तालुक्याच्या नमुनाघरात अशा एकतीस बाटल्या निघाल्या. तीस सकाळपासून उरकल्या होत्या. लहान मूल ताटातलं कारलं शेवटाला ठेवतं, तशी ही एक तिनं शेवटाला ठेवली होती.

पारखी म्हणजे दिसायला वाढायची पळीच. लांब दांडा, पुढं वाटीएवढा काचेचा डोळा. पदार्थाला टेकवायची आणि नव्वद सेकंद थांबायचं. हिरवा दिवा लागला तर पंगत बसवा, तांबडा लागला तर भांडं उचला. दोनशेच्या वर पानं उठणार असली की पारखी आणि ती चालवणारा ‘अन्नसाक्षी’ हजर पाहिजे, असा कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. उज्ज्वला तोडकर या तालुक्याची अन्नसाक्षी.

आता ज्या विषासाठी हा सगळा खटाटोप, त्याची गोष्ट थोडक्यात ऐकण्यासारखी आहे. द्राक्षाच्या मुलखातल्या माणसाला घड कसा दिसतो ते सांगायला नको. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली तसाच घडाघडानं दिसतो. तो कुणी परका चोर नव्हे. तीन-चार माणसांमागं एकाच्या नाकात तो निवांत मुक्कामाला असतो, हाताच्या भेगेत असतो, आणि त्या माणसाला काडीचा त्रास देत नाही. गडबड होते ती त्याला कोमट दूध किंवा खवा मिळाला आणि चार-सहा तास कुणी हटकलं नाही म्हणजे. वाढता वाढता तो एक विष सोडतो. शास्त्रात त्याला एंटेरोटॉक्सिन म्हणतात, आतड्यावर चालणारं विष. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. मिठाच्या एका कणाचे पाचशे भाग केले तर त्यातला एक भागही पुरतो. ते आतड्यातल्या मज्जातंतूंना डिवचतं, मज्जातंतू मेंदूला निरोप धाडतात, आणि दोन-तीन तासांत माणूस वांत्यांनी पिळून निघतो.

आणि खरी मेख पुढंच आहे. उकळल्यावर जंतू मरतो, विष मरत नाही. देवळातली घंटा वाजवणारा केव्हाच पायऱ्या उतरून जातो, नाद मागं राहतो, तसं. फरक एवढाच की हा नाद विरत नाही.

सहा वर्षांपूर्वी याच खिरीत विष सापडलं होतं, जिवंत जंतू मात्र एकही नाही. मग तो आला कुणाकडून, हे कसं ठरवायचं? स्वयंपाकाला हात लागलेल्या एकोणीस जणांच्या नाकातले आणि बोटांवरचे नमुने घेतले होते, ते तसेच पडून राहिले. शेवटी काय, कढई चनाप्पा आचाऱ्याची होती, म्हणून दोष चनाप्पाचा.

पारखीला जंतू जिवंत असायची गरज नव्हती. मेलेल्या जंतूच्या डीएनएचे फाटके तुकडे ती त्या पडून राहिलेल्या नमुन्यांशी जुळवायची. एकाच घराण्याच्या गायकीत प्रत्येकाची हरकत जशी वेगळी, तसा एकाच जातीचा जंतूही माणसागणिक किंचित वेगळा. नव्वद सेकंदांचं काम, पण तुकडे जुने असल्यानं चौदा मिनिटं लागली.

मग पडद्यावर अक्षरं उमटली. ‘जुळणी: उजव्या तर्जनीची भेग, नमुना चार. अच्युत महादेव देशमाने.’

खाली दोन चौकोन. एक ‘नोंद करा’, दुसरा ‘वाचन अपूर्ण’. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत. आज सकाळी पाच बाटल्यांना तिनं स्वतःच ‘वाचन अपूर्ण’ दाबलं होतं, कारण तुकडे फारच फाटलेले होते. सहाव्या वेळी दाबलं असतं तर विचारणारं कुणी नव्हतं.

उज्ज्वलानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. अच्युतबुवांचं नाव पडद्यावर तसंच उभं होतं.

*

तिचा बाप आरगळ्याच्या देवळात पखवाज वाजवायचा. ती नऊ वर्षांची असताना तो गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी देवळातले कीर्तनकार अच्युतबुवा घरी आले आणि तिच्या हातात टाळ देऊन म्हणाले, “उजू, संध्याकाळी माझ्या मागं उभी राहा. तोडकरांची जागा मोकळी दिसायला नको.”

गावात कुजबुज झाली. पंचांपैकी एकानं तोंडावर विचारलं, “बुवा, पोरगी टाळ घेऊन कीर्तनात उभी राहणार?”

बुवा म्हणाले, “टाळाला काय मिशा असतात?”

सभामंडप हसला आणि विषय तिथंच संपला. तेव्हापासून आजवर, लग्न झालं, शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, पण माघी सप्ताहात उज्ज्वलाची जागा बुवांच्या डाव्या हाताला ठरलेली.

सप्ताहाची एक रीत होती. सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन, आणि त्या काल्याचं दही आदल्या संध्याकाळी बुवांनी स्वतः विरजायचं. चाळीस लिटर कोमट दूध, त्यात बुवा नाम घेत हात फिरवायचे. उजव्या तर्जनीवर टाळाच्या दोरीनं पडलेलं घट्टं होतं. थंडीत ते चिरायचं आणि पाझरायचं. बायका म्हणायच्या, हे बोट म्हणजे साठ वर्षांच्या सेवेचं पदक आहे. मग भांडं घोंगडीत गुंडाळून चुलाणाच्या उबेला ठेवायचं. सकाळी सुरीनं कापावं असं दही.

त्या वर्षी दही लागलंच नाही.

का लागलं नाही ते तिला फार नंतर, अन्नसाक्षीचं शिक्षण घेताना उमगलं. डेअरीच्या गाईंना कास सुजल्यावरचं औषध टोचलेलं होतं, ते दुधात उतरलं. त्यानं विरजणातले बिचारे भले जंतू मारले. औषधाला सरावलेला, बोटाच्या भेगेतला घडाघडाचा जंतू मात्र रात्रभर उबेत मोकळा वाढला. त्याला अडवायला आंबटपणाच उरला नव्हता.

उजाडता उजाडता चनाप्पानं घोंगडी काढली, पळी फिरवली आणि तिला हाक मारली. “ताई, दूध तसंच आहे बघा. वासही बरा नाही वाटत मला. ओतून टाकू.”

“ओतून?” उज्ज्वला म्हणाली. “अण्णा, बुवांचा हात फिरलाय त्यात. ते गटारात ओतायचं?”

“मग काय करू म्हणता?”

“उकळा आणि खिरीत घाला. उकळलं की झालं.”

तो क्षणभर तिच्याकडं बघत राहिला. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. “तुम्ही म्हणताय तर...” म्हणाला आणि चुलाणाकडं वळला. काल्याला दही बाजारातून आणलं. दुपारी बाराशे पानं उठली. चारच्या सुमाराला देवळामागं पहिली वांती झाली, आणि दिवस मावळेपर्यंत अर्धं गाव आडवं होतं. वीणेला चाळीस वर्षं हार करून घालणारी शेवंताआजी दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

चौकशीत चनाप्पाला विचारलं, खिरीत काय काय घातलं? तो म्हणाला, गहू, गूळ, दूध, नारळ. बस. उज्ज्वलाला कुणी विचारलंच नाही. चनाप्पावर जन्मभराची बंदी आली तेव्हा ती स्वतःशी म्हणाली, दुधानंच झालं याची खात्री कुठं आहे? शाळा सोडून अन्नसाक्षी झाली तेव्हा म्हणाली, हेच माझं प्रायश्चित्त. गेली सहा वर्षं ती अशी काही ना काही म्हणत होती.

आता खात्री झाली होती.

*

दुसऱ्या दिवशी चनाप्पा बाजाराच्या टोकाला कल्हई लावत बसला होता. देवळातून, मठांतून पितळी भांडी अजून वापरात होती आणि कल्हई करणारं तालुक्यात दुसरं कुणी उरलं नव्हतं. उद्याच्या काल्याची मोठी परात त्याच्यापुढं भट्टीवर तापत होती.

“या की ताई, बसा,” तो म्हणाला. “चहा मागवतो. मी करत नाही, मला बंदी आहे.” आणि आपल्याच विनोदावर खोकल्यासारखं हसला.

ती बसली. पारखी पिशवीतून काढून पडदा त्याच्यापुढं धरला. त्याला अक्षरं दिसेनात, म्हणून तिनंच वाचून दाखवलं.

चनाप्पानं नवसागराची चिमूट परातीवर टाकली. धूर उठला. 

“मला ठाऊक होतं,” मग म्हणाला. “म्हणजे एवढं नाव-गाव नाही, पण दुधाचं ठाऊक होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तोंड उघडलं असतं तर आधी तुमचं नाव आलं असतं, मागनं बुवांचं. शेवंताआजी गेली तर बुवांनी दोन महिने टाळाला हात लावला नव्हता. त्यांना कळलं असतं तर माणूस संपला असता.” त्यानं कापसाच्या बोळ्यानं कथील पसरलं, परात चंद्रासारखी पांढरी होत गेली. “आणि दुसरंही सांगतो. मला वाटलं, तुम्ही बोलाल. पहिल्या वर्षी वाट बघितली. दुसऱ्या वर्षी बघितली. मग सवय झाली.”

उज्ज्वलानं पारखी मांडीवर घेतली.

“आता कशाला आलाय? माफ केलं म्हणून घ्यायला? तसं नाही म्हणायचा मी. आमची बायको परातीकडं बघून अजून रडते.”

“माफी मागायला नाही आले, अण्णा. नोंद करणार आहे. तुमच्यासमोर करावी म्हणून आले.”

तिचं बोट पडद्याकडं गेलं. तसा चनाप्पा पहिल्यांदाच घाईनं उठला. “थांबा! बुवांना सांगितलंय?”

“नाही.”

“मग आधी त्यांना सांगा. माणसाच्या तोंडून कळू दे त्यांना. यंत्राच्या नको.”

नोंद झाली की ती लोकांच्या मनगटावरच्या पट्टीपर्यंत पोचायला तास लागत नसे. आणि एकदा नाव लागलं की पुसत नसे. पारखीनं हजारो जीव वाचवले, हे खरंच. पण सोयरीक जमवायला आलेली माणसं आता कांदेपोह्यांची बशी हातात घेण्याआधी मुलीच्या नाकाचा दाखला मागत होती. शेजारच्या गावात एका आजीला स्वतःच्या नातवाला भरवायची बंदी घातली होती तिच्या सुनेनं. जंतू बाळगणाऱ्या माणसाचा काही गुन्हा नसतो, मलम लावून, काळजी घेऊन तो निभावता येतो, असं उज्ज्वला गावोगाव सांगत फिरायची. लोक माना डोलवायचे, आणि घरी जाऊन त्या माणसाचा पेला वेगळा ठेवायचे.

*

संध्याकाळी भटारखान्यात दुधाचं भांडं तयार होतं. अच्युतबुवा धुतलेलं धोतर नेसून, बाह्या सारून आले. वय एक्याऐंशी. आवाज आता वरच्या पट्टीत फाटायचा, पण नाम घेताना अजून खालून घुमून यायचा.

“काय उजू, तुझ्या पळीनं दूध चाखलं?”

“चाखलं, बुवा. औषध नाही, विष नाही. दूध चांगलं आहे.”

“मग हो बाजूला. मला विरजू दे.”

ती भांड्यापुढून हलली नाही. कसं सांगायचं याची तिनं वाटेवर दहा वेळा उजळणी केली होती, त्यातलं एकही वाक्य आठवेना. तिनं आहे तसं सांगितलं. बाटली, भेग, दूध, उकळणं. आपलं बोलणं, चनाप्पाचं गप्प राहणं. बुवा ऐकत होते. कथेकऱ्याचा तो चेहरा. त्यावर सगळं उमटायचं. आधी कौतुक होतं, मग गोंधळ, मग राग.

“माझ्या हातात विष?” ते म्हणाले. “साठ वर्षं टाळ धरलेला हात आहे हा. दिवसातून दहा वेळा धुतो मी.”

“भेगेतला जंतू धुऊन जात नाही, बुवा. तुमची चूक नाही यात. डेअरीचं दूध धड असतं तर दही लागलं असतं आणि काहीच झालं नसतं. त्याआधी इतकी वर्षं काही झालं नव्हतं, तेही याच हातानं विरजून.”

“मग आज का अडवतेस? आज दूध धड आहे म्हणालीस ना?”

“बोट दाखवा.”

त्यांनी रागानंच हात पुढं केला. तिनं पारखीचा डोळा तर्जनीला टेकवला. जवळ बसून गहू निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. नव्वद सेकंद फार मोठे असतात. दिवा तांबडा लागला. जंतू अजून भेगेतच होता.

बुवांनी हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं झाकला.  बोलले तेव्हा आवाज अगदी खाली आला होता.

“उजू, हा माझा शेवटचा काला. पुढच्या वर्षी मी उभा राहू शकणार नाही, हे तुलाही कळतं. एक दिवस थांब. उद्या लोकांना माझ्या हातानं घास देऊ दे. परवा काय लिहायचं ते लिही.”

आयुष्यात बुवांनी तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. त्यांनी दिलंच होतं.

“मुदत आज संध्याकाळची आहे,” ती म्हणाली, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण ते खरं कारण नव्हतं. “नाही बुवा. मुदत असती तरी नाही. सहा वर्षं मी उद्या, उद्याच करत आले.”

“बाजूला हो.”

“दुधात हात घालू देणार नाही मी.”

“ज्यानं तुला टाळ दिला त्याला अडवतेस?”

“हो,” उज्ज्वला म्हणाली.  “तुम्ही टाळ दिलात म्हणूनच.”

बुवा वळले आणि बाह्या तशाच सारलेल्या ठेवून निघून गेले. पायऱ्या उतरताना त्यांनी नेहमीसारखा कठड्याला हात लावला नाही.

उज्ज्वलानं पडद्यावरचा ‘नोंद करा’ चौकोन दाबला. मग भटारखान्यातल्या पळीनं विरजण घेतलं आणि पळीनंच दुधात फिरवलं. गहू निवडणाऱ्यांतली हिराकाकी बाकीच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “पळीचं दही. आता पळीलाच नमस्कार करू उद्या.”

*

सकाळी सगळ्यांच्या मनगटांवर बातमी होती. मंडप भरला होता, पण गजर उठेना. जो तो दाराकडं बघत होता. बुवा येणार की नाही?

“यंत्राचं डोकं फिरलंय,” कुणी म्हणालं.

“यंत्राचं नाही, तोडकराच्या पोरीचं.”

उज्ज्वला टाळ घेऊन आपल्या जागी उभी होती. शेजारच्या टाळकऱ्यांनी तिच्यापासून हातभर अंतर सोडलं होतं. पुढं चनाप्पानं कल्हई लावलेल्या परातीत काला होता. लाह्या, पोहे, डाळिंबाचे दाणे, आणि दही. दही असं लागलं होतं की कालवताना पळी उभी राहिली. पारखीचा दिवा हिरवा होता.

बुवा आले ते अर्धा तास उशिरा. गादीवर न जाता थेट विणेकऱ्याकडं गेले, हात पसरले, आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली. कीर्तन करणारा स्वतः वीणा घेऊन उभा राहिलेला आरगळ्यानं कधी बघितला नव्हता.

“बापहो,” ते म्हणाले, “आज माझे दोन्ही हात गुंतलेले असलेले बरे. म्हणून ही घेतली.”

कुणी हसलं नाही.

“रात्री मी देवाशी भांडलो. म्हटलं, एवढी सेवा केली, आणि हातात हे दिलंस? मग आठवलं, शेवंताआजीचा शेवटचा हार याच वीणेला होता. तिनं त्या दिवशी खीर दोनदा मागून घेतली. मी म्हणालो होतो, घे आजी, प्रसादाला कुणी नाही म्हणतं का!” त्यांचा आवाज फाटला. त्यांनी तार छेडली, सूर लागेपर्यंत थांबले. “माणूस जातो, त्याचं केलेलं मागं राहतं, असं मी साठ वर्षं सांगत आलो. चांगल्याबद्दल सांगत होतो. दुसरंही राहतं, ते मला ठाऊक नव्हतं. चनाप्पा आचाऱ्याकडं त्या कर्माचा अंशही नव्हता आणि सहा वर्षं त्यानं ते आपल्या डोक्यावर घेतलं. हात माझा होता.”

मंडपातून आवाज उठला. “नाही बुवा! आमचा विश्वास नाही!” “तुमच्याच हातचा काला पाहिजे!” माणसं उठून पुढं यायला लागली. ओंजळी पुढं आल्या, पंधरा, वीस, पन्नास. “घाला बुवा. मेलो तरी चालेल.”

बुवांनी वीणा छातीशी आवळली. त्या ओंजळींकडं बघताना त्यांचे डोळे वाहत होते, पण बोटं तारेवरून हलली नाहीत. त्या क्षणी उज्ज्वलाला कळलं की काल आपण त्यांच्याकडून काय काढून घेतलं आहे.

तिनं टाळ खाली ठेवला.

“दूध ओतून टाकू असं अण्णा म्हणाले होते,” ती म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाली. “ओतून टाकू असं अण्णा म्हणाले होते. उकळून खिरीत घाला असं मी म्हणाले. शाळेत विज्ञान शिकवत होते मी. त्यांनी माझं ऐकलं, आणि मी सहा वर्षं गप्प बसले.”

 शेवंताआजीचा मुलगा तिसऱ्या रांगेत होता. तो उठला, तिच्याकडं नीट बघितलं, चपला घातल्या आणि बाहेर गेला. त्याच्यामागं आणखी माणसं उठली. काही बुवांवर रागावली होती, काही तिच्यावर, काही यंत्रावर. बाहेर जाताना सगळ्यांची पाठ सारखीच दिसत होती. जे थांबले त्यांना उज्ज्वलानं पळीनं काला वाढला. लोकांनी घेतला, पण एकमेकांच्या तोंडात घालायची रीत होती, ती कुणी केली नाही. जो तो आपापला घास आपापल्या तोंडात घालून खाली बघत होता.

परात अर्धी उरली. आरगळ्यात काला कधी उरला नव्हता.

ऊन मंडपाच्या कनातीखालून आत शिरलं होतं. मागं लिंबाच्या झाडाखाली चनाप्पा उभा होता. परात परत न्यायला म्हणून आलो, असं त्यानं कुणाला तरी सांगितलं होतं. बुवांनी त्याला हाक मारली. तो पुढं आला, पण नमस्कार केला नाही. बुवांनीच वीणेसकट मान वाकवली. चनाप्पा दुसरीकडं बघू लागला. मग न राहवून त्याची नजर परातीकडं गेली. त्यानं वाकून वास घेतला.

“दही बाकी झकास लागलंय,” तो म्हणाला. सहा वर्षांत अन्नाबद्दलचं हे त्याचं पहिलं वाक्य असावं.

तेवढ्यात हिराकाकी डबा घेऊन आली. “उरलाय तो द्या इकडं. पोरगा रात्री कामावरून येतो, त्याला प्रसाद.”

उज्ज्वलानं पारखी टेकवली. हिरवा. पण परातीचा काठ उन्हानं तापला होता आणि आता कित्येक हात तिच्यावरून फिरून गेले होते. रात्रीपर्यंत काय होईल ते पारखीला आत्ता सांगता येणार नव्हतं.

“काकी, डब्यात नको.”

“हिरवा लागलाय की तुझा दिवा! प्रसाद आहे, बाई. टाकायचा का?”

उज्ज्वलानं बुवांकडं बघितलं. बुवांनी चनाप्पाकडं बघितलं.

“चनाप्पा,” बुवा म्हणाले, “तू सांग. भटारखाना तुझा.”

चनाप्पानं काठाला बोट लावलं, चटकन काढलं. “टाकायचं,” तो म्हणाला. “त्या दिवशीही हेच म्हणालो होतो.”

लिंबाखाली त्यानंच कुदळीनं खड्डा केला. परात जड होती. एक कडी त्यानं धरली, दुसरी उज्ज्वलानं. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण पावलं एका चालीनं पडत होती. बुवा वीणा घेऊन मागोमाग आले आणि खड्ड्याच्या कडेला उभे राहिले. हिराकाकी डबा पोटाशी धरून पुटपुटत होती.

उज्ज्वलाच्या काखेतल्या पारखीचा दिवा अजून हिरवाच होता. बुवांनी तार छेडली, आणि दोघांनी परात कलती केली.